छाटणीपासून रॉटरडॅमपर्यंतचा तक्ता

नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्ष निर्यातदार कंपनीत मी नियोजनाचे काम पाहतो. व्यूहात्मक नियोजनाच्या साधनांनी निर्यातदाराची कामगिरी खरोखर सुधारते का, हा प्रश्न दरवर्षी फळछाटणी तोंडावर आली की मला नव्याने पडतो. माझ्या मते, ते नियोजन बागेतल्या तारखेपर्यंत पोहोचले तरच सुधारते.

स्वॉट विश्लेषण, म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांची चार रकान्यांत मांडणी, आम्हीही करतो, पण त्यावर माझा फारसा भर नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतल्या सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. तोवर ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर बागांची नोंद होत होती आणि नमुनेही तपासले जात होते; परंतु तपासणीच्या यादीत हे संजीवक नव्हते. ‘गुणवत्ता’ हा शब्द बलस्थानांच्या रकान्यात सहज लिहिला जातो. ती कोणत्या चाचणीने सिद्ध झाली, हे तो रकाना विचारत नाही.

‘असे झाले तर काय’ या अंगाने केलेले नियोजन मला कितीतरी मोलाचे वाटते. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात उजवीकडे माल नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात पोहोचण्याचा आठवडा असतो, आणि तेथून मागे येत जहाजाचे दिवस, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात कंटेनर लागण्याची तारीख, प्री-कूलिंग (माल भरण्याआधी थंड करणे), खुडा, रेसिड्यूचा म्हणजे फळातील रसायनांच्या अंशांचा अहवाल आणि सर्वांत डावीकडे, जिच्यावरून खुड्याची वेळ ठरते ती छाटणी. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे सुएझ कालव्याचा मार्ग सोडून आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. तोवर छाटण्या होऊन गेल्या होत्या. हाती उरली होती ती फक्त कोणत्या प्लॉटचा माल कुठे पाठवायचा याची निवड. बैठकीत एका वयस्कर बागायतदाराने विचारले, “जहाज लांबून जाणार असेल तर माझ्या मण्याची साल तेवढे दिवस टिकेल का, ते आधी सांगा.” त्या दिवशी आम्ही कडक मण्यांचे प्लॉट युरोपसाठी राखले आणि उरलेला माल जवळच्या बाजारांकडे वळवला. जहाजभाडे अर्थातच त्याने कमी झाले नाही, आणि तशी अपेक्षा कोणत्याही तक्त्याकडून ठेवू नये.

आता जहाजाच्या दिवसांसाठी तक्त्यात दोन रकाने आहेत, एक सुएझचा आणि एक केपचा, आणि छाटणीच्या तारखा ठरवताना बागायतदार स्वतः त्या भिंतीसमोर बसलेले असतात.