फ्रेटसाठी फ्लुओरेसंट प्रथिनांची जोडी ठरवताना

फ्रेट म्हणजे दोन चमकणारी प्रथिनं काही नॅनोमीटरइतकी जवळ आली की एकाची (डोनरची) ऊर्जा दुसऱ्याकडे (अ‍ॅक्सेप्टरकडे) जाते; त्यावरून त्यांना जोडलेली प्रथिनं भिडली का ते कळतं. पुण्यात पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये सीएफपी-वायएफपी या निळसर-पिवळ्या जोडीची प्लाझ्मिडं (जनुक वाहणारी डीएनएची वर्तुळं) फ्रीजरात कधीपासून पडून आहेत. त्यामुळे ‘आहे तेच वापर’ हा सल्ला मला फुकटात मिळाला. मला बघायचं होतं एवढंच: संप्रेरक दिल्यावर माझा रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं, संप्रेरक ओळखणारं प्रथिन) आणि त्याचं जोडीदार प्रथिन खरंच एकमेकांना भिडतात का, आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला गेल्यावरही ते चिकटून राहतात का.

सुरुवात कॉन्फोकल (लेझरवर चालणारा सूक्ष्मदर्शक) सांभाळणाऱ्या दादांकडून झाली, ते बरंच झालं. स्पेक्ट्रमचे आलेख घेऊन गेले, तर ते म्हणाले, “जोडी नंतर सांग. आपल्याकडे ४०५, ४८८, ५६१, ६४० एवढ्याच नॅनोमीटरच्या लेझर लाइन. ४४५ नाही. यात काय बसतं ते बघ.” सीएफपी घराण्यातला सध्याचा उत्तम डोनर, एमटर्क्वॉइज२, ४३४ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त प्रकाश शोषतो. ४०५ वर तो उजळतो, पण अर्धवट. आणि त्याच प्रकाशात पेशीचं स्वतःचं चमकणंही भरपूर येतं. क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनपैकी किती प्रकाश म्हणून परत बाहेर पडतात) ०.९३ असूनही तो आमच्या यंत्रावर वायाच गेला असता.

वायएफपीची अडचण वेगळी. जुन्या ईवायएफपीचा पीकेए (ज्या पीएचला चमक निम्मी होते) ६.९ च्या आसपास आहे. रिसेप्टर एंडोसोममध्ये (पेशीच्या आत ओढल्या गेलेल्या पिशवीत) गेला की तिथला पीएच ६ च्या घरात, म्हणजे ईवायएफपी मंदावणार आणि मला वाटणार की प्रथिनं सुटली! व्हीनस आणि सिट्रीन ही त्याची सुधारलेली भावंडं आम्लात जास्त तग धरतात, पण लेझरचा प्रश्न तसाच राहतो.

मग ४८८ वर चालणारे हिरवे-लाल. पहिलं नाव अर्थातच ईजीएफपी-एमचेरी. एमचेरीचं क्वांटम यील्ड ०.२२, त्यामुळे अ‍ॅक्सेप्टरच्या प्रकाशावरून फ्रेट मोजायचं तर हाती फार थोडे फोटॉन लागतात. फ्लिम या पद्धतीत मात्र आपण फक्त डोनरचं आयुर्मान (उजळल्यावर तो किती नॅनोसेकंद चमकतो) मोजतो; फ्रेट झालं की ते घटतं. तिथे अ‍ॅक्सेप्टर मंद असला तरी काही बिघडत नाही. तो पूर्ण पिकलेला मात्र हवा. क्रोमोफोर (प्रथिनातला चमकणारा भाग) तयार नसलेला अ‍ॅक्सेप्टर शेजारी असून नसल्यासारखा. डोनर एकटाच चमकत राहतो आणि फ्रेट उगाच कमी दिसतं. या एका मुद्द्यावर एमस्कार्लेट मागे पडलं. त्याचं यील्ड ०.७०, पण पिकायला जवळजवळ तीन तास. एमस्कार्लेट-आय ०.५४ वर समाधानी, पण साधारण ३६ मिनिटांत तयार. मी तेच घेतलं आणि डोनर म्हणून एमनिऑनग्रीन.

क्वांटम यील्डच्या आकड्यांवर फार भाळू नये, हे मॅडमनी गणित करायला लावलं तेव्हा कळलं. फोर्स्टर अंतर (ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा अ‍ॅक्सेप्टरकडे जाते) यील्डच्या सहाव्या मुळाने बदलतं: डोनरचं यील्ड दुप्पट केलं तरी ते १२ टक्केच वाढतं. उलट अंतराचा हिशोब फार कडक. दोन क्रोमोफोर ७ नॅनोमीटरवर असतील आणि फोर्स्टर अंतर ६ असेल, तर कार्यक्षमता २८ टक्के. तेच क्रोमोफोर ९ वर गेले की ८ टक्के. ही प्रथिनं पिंपाच्या आकाराची, मुळातच सुमारे २.४ नॅनोमीटर जाड आणि ४.२ उंच, क्रोमोफोर मधोमध. म्हणजे टॅग (चमकणारं प्रथिन) माझ्या प्रथिनाच्या कुठल्या टोकाला लावायचा आणि लिंकर (मधला जोडदुवा) किती लांब ठेवायचा, यावरच सगळं ठरतं. जोडीपेक्षा जास्त डोकं मी तिथेच घातलं आणि दोन्ही टोकांचे कन्स्ट्रक्ट (टॅगसह जोडलेली जनुकं) बनवले. क्लोनिंगचं काय सांगायचं, ते झालं.

फ्लिमसाठी शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत स्लॉट मिळाला. थर्मोकोलच्या खोक्यात जिवंत पेशींच्या डिश मांडीवर घेऊन विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसायचं, आणि “दादा, खड्डा जरा सांभाळून” म्हणत राहायचं. तिथे पहिली डिश ठेवली ती फक्त डोनरची, आयुर्मान तीन नॅनोसेकंदांच्या आसपास. दुसरी छोट्या लिंकरने जोडलेल्या डोनर-अ‍ॅक्सेप्टरची. आयुर्मान ठळक खाली आलं, म्हणजे जोडी चालते. तिसरी डोनर आणि त्याला न जोडलेल्या, मोकळ्या अ‍ॅक्सेप्टरची, कारण प्रथिन खूप बनलं की नुसत्या गर्दीनेही फ्रेट दिसतं. मगच माझा रिसेप्टर. एका टोकाच्या टॅगने काहीच दाखवलं नाही. दुसऱ्याने संप्रेरक दिल्यावर फरक दाखवला, आणि एंडोसोममध्येही तो टिकला. आता तोच कन्स्ट्रक्ट स्थिर सेल लाइनमध्ये घालते आहे, म्हणजे दोन्ही प्रथिनांचं प्रमाण पेशीगणिक इतकं बदलणार नाही.