चवथीच्या तोंडावर अकरा दिवस, एका वेस्टगेटपायी

सर्व्हिस सेंटरच्या बाकड्यावर अकरा दिवसांत किती चहा प्यालो, ते मोजलं नाही. टर्बो बदलायचा ४६ हजारांचा एस्टिमेटचा कागद मात्र अजून गाडीच्या डॅशबोर्डात आहे. टाकवत नाही.

जुलैअखेर खताची पोती भरून आमचा ट्रक मोले ओलांडून अनमोड घाट चढत होता. ड्रायव्हरचा फोन आला, "पात्रांव, गाडी ओढतच नाही. मागे धुराने काळोख केलाय." काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसं येतंय, ते जाळायला हवा कमी पडतेय. हवा देतो टर्बो. म्हणजे टर्बो गेला, असं आम्ही फोनवरच ठरवून मोकळे झालो.

वाटेवरच्या एका गॅरेजवाल्याने टर्बोच्या बाजूच्या रॉडचा नट तीन फेरे फिरवून रॉड आखूड केला. "आता बघा पिकअप!" मी शंभराची नोट दिली आणि विसरलो. या विसरण्याचे पैसे पुढे मोजले.

तो रॉड वेस्टगेटचा. इंजिनातून निघालेला गरम धूर टर्बोचं चाक फिरवतो, मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत. सगळाच धूर चाकावर सोडला तर हवेचा दाब वाढतच जाईल, म्हणून चाकाच्या अलीकडे एक झडप असते, तीच वेस्टगेट. आपल्या खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातली, मानस, बांधातलं ते पाण्याचं दार आठवा, तिथे दार उघडायला-मिटायला माणूस लागत नाही, पाण्याचा जोरच ते काम करतो. तसंच इथे हवेचा. दाब वाढला की रॉड हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या डबीतला पडदा स्प्रिंगला रेटतो, रॉड सरकतो, झडप उघडते आणि थोडा धूर चाकाला बगल देऊन सायलेन्सरकडे जातो. रॉड आखूड केला की झडप जास्त घट्ट बसते, उशिरा उघडते, बूस्ट म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब चढतो.

पण आमचा मूळ आजार वेगळाच होता. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी होज खालच्या बाजूने चिरला होता. टर्बो हवा भरत होता आणि ती वाटेतच सुटत होती. ड्रायव्हरलाच फुसफुस ऐकू आली, हात लावला तर तेलकट. नवा होज, दोन क्लिपा, धूर गायब. आधी होज तपासा, मग टर्बोला हात लावा.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. गळती होती तोवर तो आवळलेला रॉड खपून गेला. गळती बंद झाल्यावर बूस्ट मर्यादेबाहेर जायला लागला. भरलेली गाडी अर्ध्या घाटात पोचली की चेक लाइट पेटायची आणि गाडी एकदम ढिली पडायची. इंजिन वाचवायला कॉम्प्युटर डिझेल तोडतो. चावी बंद करून पुन्हा लावली की पुढच्या चढापर्यंत ठीक.

सर्व्हिस सेंटरात लिहून घेतलं, "पिकअप नाही." स्कॅनर म्हणाला, बूस्ट जास्त. या दोन गोष्टींचा मेळ घालायचं कोणाच्या मनात आलं नाही. तिसऱ्या दिवशी कोड पुसून सपाट रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून आणली. "सर, एकदम ओके." अहो, रिकामी गाडी सपाटीला मीही ढकलेन! पाचव्या दिवशी टर्बोचा माणूस रजेवर. सातव्या दिवशी तो आला, गाडीखाली वाकलाही नाही, नि एस्टिमेट छापून दिलं. अ‍ॅक्च्युएटर वेगळा मिळत नाही, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, आणि ती यायला आठवडा. चवथीआधीची भाडी डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालली होती. मी रोज विचारायचो, प्रेशर गेज लावून बघितलं का? रोज उत्तर एकच, "स्कॅनरमध्ये सगळं दिसतं, सर."

कबूल करतो, रॉडची गोष्ट मीही सांगितली नाही. आधी आठवली नाही, आठवली तेव्हा लाज वाटली. तुम्ही ही चूक करू नका.

अकराव्या दिवशी भांडून गाडी काढली आणि उसगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत त्यांनी टिप्परशिवाय दुसरं काही पाहिलेलं नाही. त्यांनी टॉर्च मारला. "कोणी फिरवला हो हा? रंगाची खूण मोडलीय." अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून हातपंप आणि दाबाचं घड्याळ लावलं, दाब हळूहळू चढवला. पुस्तकातल्या आकड्याला रॉड हलायला हवा होता, तो बराच पुढे गेल्यावर हलला. पण दाब धरून राहिला, म्हणजे पडदा शाबूत. नट मागे, पुन्हा पंप, परत पाव फेरा. काटा जागेवर आला. वीस मिनिटं आणि ४०० रुपये.

ही अ‍ॅक्च्युएटरची बारीक नळी फाटली तर बूस्ट कमी होईल असं मला वाटायचं. उलटं आहे. डबीला दाब पोचत नाही, झडप उघडतच नाही, बूस्ट बेफाम होतो. झडप काजळीने अडकून उघडी राहिली तर मात्र बूस्ट कमी आणि काळा धूर. मिस्त्रीने हे दोन्ही मला दोनदा सांगितलं, बहुतेक माझा चेहरा बघून. व्हीजीटीवाल्या (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोच्या) गाड्यांना हे लागू नाही, तिथे वेस्टगेटऐवजी पाती फिरतात.

ट्रायल मात्र भरलेल्या गाडीनेच, चढावरच घ्या. आम्ही चिरे भरून घेतली. लाइट पेटली नाही.

आणि हो, घाट चढून थांबलात की लगेच चावी फिरवू नका. दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवा, तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळू दे. आमचा ड्रायव्हर तेवढ्यात विडी ओढून घेतो.