लस दिल्यानंतरची देखरेख: आरोग्यसेविकेचा अनुभव

उपकेंद्रात लस टोचली की बाळाला अर्धा तास थांबवायचं, ही अट मी कोणासाठीच सैल करत नाही. जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी बहुधा याच वेळात दिसते: अंगावर गांधी, धाप, ओठ-पापण्यांना सूज, बाळ एकदम गळून जाणं. किटमध्ये अशा ॲलर्जीवर टोचायचं ॲड्रेनलिन असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, १ ते ६ वर्षांपर्यंत ०.१ मिली, मांडीच्या स्नायूत. अँप्युलची मुदत सत्राआधीच बघून ठेवते.

खरी कसोटी संध्याकाळच्या फोनवर असते. आई ताप किती ते सांगते, मी आधी विचारते, "कोणती लस, आणि ताप कधीपासून?" पेंटाचा (पाच आजारांवरची एकत्रित लस) ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चढतो आणि दोनेक दिवसांत उतरतो. एमआरचा (गोवर-रुबेला लस) ताप आणि पुरळ ७ ते १२ दिवसांनी. तेव्हा एमआरच्याच रात्री ताप आला तर तो एमआरचा नसतो. पण नवव्या महिन्यात सोबत पीसीव्ही (न्यूमोनियाची लस) असते, दीड वर्षाला त्रिगुणीचा बूस्टर, म्हणून कार्ड वाचून घेतल्याशिवाय मी काही बोलत नाही. बीसीजीची (क्षयरोगाची लस) पुळी दोन-तीन आठवड्यांनी येते, फुटते, वण राहतो. तिला मलम नको, शेक नको.

सगळ्यात जास्त घोळ पॅरासिटामॉलचा. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. १ मिली ड्रॉप्समध्ये १०० मिग्रॅ औषध असतं, सिरपच्या ५ मिलीत साधारण १२० मिग्रॅ. पाच किलोच्या बाळाला ड्रॉप्स अर्धा मिली पुरतात. तेच सिरप समजून अडीच मिली पाजले तर २५० मिग्रॅ पोटात जातं. म्हणून बाटलीवरचं लेबल फोनवर वाचायला लावते.

तीन तासांपेक्षा जास्त न थांबणारं रडणं, झटका, बाळ निपचित पडणं, यात घरी वाट बघायची नाही. बाळ दाखल झालं की वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच फोन करते, कारण त्यांचा अहवाल २४ तासांत जिल्ह्याला जायला हवा. त्यात बॅच क्रमांक लागतो आणि एमआर, बीसीजीच्या कुपीतली पावडर किती वाजता विरघळवली तेही लागतं, कारण चार तासांनंतर ती कुपी वापरायची नसते. ही वेळ तिथल्या तिथे कुपीवर लिहावी, मागाहून आठवत नाही.

किरकोळ त्रासही रजिस्टरमध्ये उतरवते. एकाच कुपीतल्या दोन बाळांना गळू झालं, तर ते अशा नोंदींतूनच लक्षात येतं आणि तेही लगेच वर कळवावं लागतं.