अकरा महिन्यांची डुलकी

पुरंदरचा तह झाला तेव्हा मी जागी होते. 23 किल्ले द्यायचे आणि 12 ठेवायचे असं ठरलं, इथवर मला लख्ख आठवतंय. गाडी तेव्हा दादरला होती. मग डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवा मागे पडलं होतं आणि कानात आग्र्याचा दरबार भरला होता. महाराज संतापले होते, रामसिंग त्यांची समजूत काढत होता. तह 11 जून 1665चा, दरबार 12 मे 1666चा. मधले अकरा महिने मी चौथ्या सीटवर, शेजारच्या बाईंच्या खांद्यावर मान टाकून काढले होते. बाई भल्या. डोंबिवलीला उतरताना म्हणाल्या, "रोज काय ऐकता हो? मधूनच दचकता." मी म्हटलं, "इतिहास." तर म्हणाल्या, "अगंबाई! कुठली परीक्षा देताय?"

हे सगळं सुरू झालं अण्णांमुळे. अण्णा माझे सासरे. सातारा जिल्ह्यात शाळेवर चौतीस वर्षं इतिहास शिकवला. काचबिंदूने डोळे नेले, आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. पुस्तकांची दोन कपाटं आहेत, पण ती आता फक्त हाताने चाचपायची. सुरुवातीला रात्री जेवणं झाली की मीच वाचून दाखवायचे. दिवसभर ऑफिस, वर लोकल, त्यामुळे कधी जांभई अनावर झाली की मी हळूच एखादं पान गाळायचे. अण्णा शांतपणे म्हणायचे, "दोन पानं उलटलीस."

शेवटी फोनवर ऑडिओबुकं घेतली. अण्णांना इयरफोन चालत नाहीत, कानात मुंगी शिरल्यासारखं होतं म्हणे. मग फोन स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवायचा, आवाज मोठा होतो. गेली चार वर्षं आमच्या घरात शिवकाल आणि पेशवाई पातेल्यातून घुमते आहे. त्या दिवशी नेमकी खीर करायची असली तर पंचाईत.

अंधांसाठी अशी बोलकी पुस्तकं इंग्लंडमध्ये 1935 सालीच निघाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा विचार त्यामागे होता. अगदी पहिल्या पुस्तकांत एक अगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती आणि एक जोसेफ कॉनरॅडची समुद्रातल्या तुफानाची गोष्ट. म्हणजे अंधारात बसलेल्या माणसाला आधी काय ऐकवावं, तर खून आणि वादळ! मला हे फार पटतं. तबकडीची एक बाजू 25 मिनिटांत संपायची. हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे दर पंचवीस मिनिटांनी उठून तबकडी उलटायची. चांगलं होतं. झोप लागत नसणार कुणाला." रोख माझ्याकडे होता.

अण्णांसारखा श्रोता निर्मात्यांना परवडणारा नाही. एका कादंबरीत पहिल्याच तासाला वाक्य आलं, घोड्यांना चारा घातला. वाचणाऱ्या तरुणाने 'चारा'तला च एक-दोन-तीन-चारमधला म्हटला. अण्णा ताठ बसले. "काय घातलं घोड्यांना?" मराठीतले दोन च आणि दोन ज कागदावर सारखेच दिसतात, फरक असतो तो जिभेवर. ज्याच्या घरात ते ऐकू येत नाहीत त्याने काय करावं? पुढे त्याच आवाजात 'जरीपटका' आला, त्यातला ज 'जीवन'मधला. मग 'चाकर', मग 'चाबूक'. अण्णांनी पुस्तक सोडलं नाही, पण दर चुकीला ते योग्य उच्चार मोठ्याने म्हणत. सोळा तासांचं पुस्तक आम्ही अशा जुगलबंदीत ऐकलं. मला मात्र त्या मुलाची दया आली. चारशे पानं एकट्याने, काचेच्या खोलीत, पाण्याचे घोट घेत वाचायची म्हणजे खाऊ नाही. तिथे जवळ एखादे अण्णा बसवायला हवेत.

खरा वैताग येतो तो नटांचा. काहींना वाटतं, ऐतिहासिक म्हणजे छातीतून बोलायचं. महाराज ढगांच्या गडगडाटात बोलतात, जिजाऊ देवळाच्या गाभाऱ्यातून बोलतात, आणि मोगल सरदार तर दर वाक्याआधी हसतोच. साधा हुजऱ्या "जी महाराज" म्हणतो तेही अशा आवेशात, की आता हाच गड घेणार. सकाळी 8.14च्या गर्दीत इयरफोनमध्ये अचानक रणगर्जना झाली की शेजारणीच्या पायावर पाय पडतो. मला वाचणारा माणूस हवा असतो, लढणारा नको. रॉय डोट्रिस नावाच्या ब्रिटिश नटाने 'अ गेम ऑफ थ्रोन्स'च्या ध्वनिपुस्तकात 224 पात्रांना वेगवेगळे आवाज दिले, त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. माणूस थोर खराच. पण मी प्रामाणिकपणे सांगते, दहा-बारा आवाजांनंतर माझ्या कानाने मोजणं सोडून दिलं. पुढे कोण बोलतंय ते मी 'तो म्हणाला, ती म्हणाली' यावरूनच ओळखत होते. आमच्याकडचे कीर्तनकार एका उपरण्यावर भागवतात. उपरणं डोक्यावर घेतलं की यशोदा, कमरेला बांधलं की पेंद्या. आवाज तोच.

पार्श्वसंगीताबद्दल बोलायला लागले तर रात्र होईल, म्हणून पन्हाळ्याची एकच रात्र सांगते.

12 जुलै 1660. सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस, महाराज पालखीतून निसटतात, दुसऱ्या पालखीत शिवा काशीद. हा भाग लागणार म्हणून त्या संध्याकाळी आम्ही सगळेच पातेल्याभोवती जमलो होतो. सुरुवातीला विजा कडाडल्या. मग घोड्यांच्या टापा सुरू झाल्या. इतक्या जोरात की पातेलं थरथरायला लागलं.

"थांबव," अण्णा म्हणाले. "टापा कुणाच्या?"

"घोडे आहेत ते, अण्णा."

"ते कळलं मला. घोडे कुणाचे?"

मी गप्प. चिरंजीव म्हणाले, "आपले असतील, आजोबा."

"आपले? महाराज पालखीत आहेत. मावळे पायी आहेत. चिखल आहे, चढ आहे, आणि आवाज करायचा नाही. घोडे मागून आलेत, सिद्दी मसूदचे. ते ऐकू आले की पोटात गोळा यायचा. यांनी तर पन्हाळ्याच्या दारातच वाजवून टाकले. आता खिंडीत काय वाजवणार?"

मग त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटांची पेरं आपटायला सुरुवात केली. घाईची, पण दबलेली पावलं. मध्येच एक ठोका चुकायचा. "हा घसरला," ते म्हणाले. पुन्हा लय. थोड्या वेळाने दोन ठोके एकदम. "इथे भोयांनी खांदा बदलला." पाच मिनिटं असंच चाललं होतं. स्वयंपाकघरात कुकरची वाफ फुसफुसत होती, तीही मला पावसासारखी वाटायला लागली. मग त्यांनी डाव्या हाताने, फार लांबून, अगदी हलकी टकटक सुरू केली. उजवा हात क्षणभर थांबला. आमच्या चिरंजीवांनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

तेव्हापासून ऐकताना मी घोडे कुणाचे आहेत ते बघते. बऱ्याच ठिकाणी कुणाचेच नसतात.

या चिरंजीवांची तऱ्हा निराळी. वय पंधरा. ते सगळं दीडपट वेगाने ऐकतात. दुसऱ्या दिवशी खिंडीचा उरलेला भाग त्यांनी दात घासता घासता उरकला. मी म्हटलं, "अरे, महाराजांना विशाळगडावर पोचायला वेळ मिळावा म्हणून तो माणूस खिंडीत उभा राहिला, आणि तू ते दीडपटीत संपवतोस?" तर म्हणे, "आई, मग महाराज लवकर पोचतील ना." याला उत्तर काय द्यायचं?

त्यांचा ओढा अद्भुतकथांकडे. शापित राज्यं, बोलणारे लांडगे, तीन चंद्र. मीही प्रयत्न करून पाहिला. मराठीतली एक मालिका लावली, निर्मिती झकास, वाचणारी मुलगी तर अप्रतिम, च आणि ज दोन्ही शाबूत. पण ठाणं यायच्या आत मी हरवले. पहिल्या वीस मिनिटांत चार राजघराणी, दोन नद्या, एक हिमशिखर आणि सगळ्यांची नावं 'र'ने संपणारी. कागदावर असतं तर मागचं पान उलटून पाहिलं असतं. अशा पुस्तकांच्या सुरुवातीला नकाशा असतो, त्यावर बोट ठेवून पुढे जाता येतं. कानाला बोट कुठे ठेवणार? तीस सेकंद मागे जायचं बटण आहे खरं, पण घाटकोपरच्या गर्दीत एक हात वरच्या दांडीला आणि दुसरा पर्सवर असताना ते दाबायचं कशाने?

इतिहासाचं बरं असतं. पन्हाळा म्हटलं की पन्हाळा उभा राहतो. चौथीच्या पुस्तकापासून ही नावं आत जाऊन बसलेली आहेत. बहिर्जी कोण, फिरंगोजी कोण, हे कुणी पुन्हा सांगावं लागत नाही. डुलकी लागली तरी जाग येईल तिथून गोष्ट सापडते, कारण ती आधीच आपल्याजवळ असते. आग्र्याला मी अकरा महिने उशिरा पोचले, पण कुणाला पत्ता विचारायची वेळ आली नाही. अद्भुत कथेत एक स्टेशन झोपलात की संपलं, उतराल तिथे सगळे परके.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यांच्या आईच्या चातुर्मासाची आठवण काढली. वाईला शेजारच्या वाड्यात श्रीधरांचा पांडवप्रताप लागायचा. बायका वाती वळत ऐकायच्या, मुलं पेंगायची. "त्यात काय कमी राक्षस होते? पण अर्जुन आला की कधी पार्थ, कधी किरीटी, कधी सव्यसाची. दर दहा ओव्यांनी माणसाची नव्याने ओळख. झोपेतून उठलेल्या बाईलाही कळायचं कोण आलंय ते. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की समोर ऐकणारी माणसं आहेत आणि ती दमलेली आहेत." मला एकदम ज्ञानेश्वर आठवले. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते श्रोत्यांकडे दुसरं काही मागत नाहीत, फक्त अवधान द्या म्हणतात. श्रोत्यांचं ध्यान उडतं, हे त्यांना माहीत असणार. आताची पुस्तकं डोळ्यांसाठी लिहिली जातात आणि मग कानात ओतली जातात. जी खास ऐकण्यासाठी लिहितात त्यांचा उलटा घोळ, ध्यान उडू नये म्हणून दर अर्ध्या तासाने कुणीतरी कड्याला लोंबकळतं. सातव्या भागापर्यंत मला त्या कड्याचीच काळजी वाटायला लागली होती.

बोलता बोलता अण्णांचं एक गुपित फुटलं. एवढे पुरावे मागणारे आमचे मास्तर, पण शाळेत असताना भूगोलाच्या तासाला बाकाखाली नाथमाधवांचं 'वीरधवल' वाचताना पकडले गेले होते. गो. ना. दातारांचं 'कालिकामूर्ती' तर म्हणे कंदिलाच्या उजेडात एका रात्रीत संपवलं. चिरंजीवांचे डोळे चमकले. "म्हणजे आजोबा, फँटसी!"

"भुयारं होती," अण्णा जरा ओशाळून म्हणाले. "चोरवाटा होत्या. छान होतं ते."

झालं. त्या रविवारी दोघांनी मिळून ती तीन चंद्रांची मालिका लावली. एकपट वेगाने, तशी अटच होती. दहा मिनिटांत अण्णा माझ्यासारखेच हरवले. "थांब रे. हा उत्तरेचा की दक्षिणेचा?" चिरंजीवांनी फोनवर नकाशा काढला, मग त्यांच्या लक्षात आलं की नकाशा अण्णांना दाखवून उपयोग नाही. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

मी बाजारातून आले तेव्हा जेवणाचं टेबल भरलेलं होतं. मधोमध पितळी खलबत्ता. मिठाची बरणी, तिच्या बाजूला उपड्या घातलेल्या चार वाट्या. परकराची नवी नाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणं घेत गेलेली. एका कोपऱ्यात लसणाच्या पाकळ्या ओळीने मांडलेल्या. अण्णा दोन्ही हातांनी सगळं चाचपत होते. बोटं नाडीवरून हळूहळू सरकत वाट्यांशी आली आणि थांबली.

"नदी इथे अडते?"

"हो आजोबा, डोंगर आहेत."

"मग सैन्य पलीकडून कशाला आणलं त्या गाढवाने? खिंड कुठाय?" चिरंजीवांनी दोन वाट्या किंचित दूर केल्या. अण्णांनी त्या फटीत बोट घालून पाहिलं आणि मान हलवली. "इथे तीनशे माणसं पुरतील. लाव पुढे."

मी पिशवी ठेवली आणि म्हटलं, शेंगदाण्याची चटणी करायचीय, खलबत्ता द्या. दोघांनी एकदम माझ्याकडे तोंड फिरवलं.

"राजधानी आहे ती," अण्णा म्हणाले. "मिक्सरवर कर."