कॅप बिलावर नसते, दरावर असते

ऑक्टोबर २०२५. गेल्या रविवारी सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. महावितरणचं बिल जास्त आलं म्हणून तो वैतागला होता. म्हणाला, "ताई, तुमचं बरं आहे. तिकडे इंग्लंडमध्ये वीज-गॅसला कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, लावलेली आहे, त्याच्यावर बिल जातच नाही." मी त्याला तिथेच थांबवलं, कारण चार वर्षांपूर्वी आम्हीही अगदी असंच समजत होतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आम्ही कॉव्हेंट्रीत भाड्याच्या घरात राहायला आलो. तेव्हा बातम्यांत सारखा एकच आकडा यायचा, १,२७७ पौंड. वर्षाची कॅप. आम्ही वहीत गॅस-विजेच्या खर्चापुढे तेवढेच लिहिले आणि निश्चिंत झालो. घरात जुना बॉयलर, खिडक्यांना एकेरी काच आणि सहा महिन्यांची मुलगी, त्यामुळे हीटिंग दिवसभर चालू असायचं. कंपनी अंदाजे रीडिंगवर बिलं काढत राहिली. मार्चमध्ये मी जिन्याखालच्या कपाटात वाकून, मोबाइलच्या उजेडात खरं रीडिंग घेतलं आणि कळवलं, तेव्हा ४१० पौंडांची बाकी निघाली. त्या रात्री आम्ही दोघं कितीतरी वेळ ते बिल पुढे ठेवून बसलो होतो. पुढच्याच महिन्यात कॅप १,९७१ झाली.

ब्रिटनमध्ये ही कॅप जानेवारी २०१९ पासून आहे. ती ऑफजेम ही नियामक संस्था ठरवते, आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोग दर ठरवतो तशीच. २०२२ पासून ती दर तीन महिन्यांनी बदलते. बांधलेल्या असतात त्या दोनच गोष्टी: एका युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार. तुम्ही युनिटं किती जाळाल, त्याला काही मर्यादा नाही. बातम्यांतला आकडा म्हणजे वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस वापरणाऱ्या 'सर्वसाधारण' घराचं बिल. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ साठी ते १,७५५ पौंड ठरलं होतं.

गॅसही इथे युनिटांत मोजतात, हे आपल्या लोकांना चटकन उमगत नाही. मीटर घनमीटर दाखवतो आणि एका घनमीटरची साधारण ११ युनिटं होतात. आमचा गॅस वर्षाला १३,४०० युनिट. आईला समजावं म्हणून मी त्याचे सिलिंडर केले. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १९० युनिट उष्णता असते, म्हणजे आमच्या घरात वर्षाला सत्तर सिलिंडर जळतात. "सत्तर?" आई म्हणाली, "आम्हाला आठ पुरतात गं." स्वयंपाकाला इथेही फारसा लागत नाही. बाकीचा सगळा भिंती आणि पाणी तापवण्यात जातो.

आता या महिन्यात आमच्यापुढे प्रश्न होता तो असा: कॅपच्या बदलत्या दरावर राहायचं, की वर्षभरासाठी दर बांधून घ्यायचा, ज्याला इथे फिक्स म्हणतात? ओळखीचे लोक दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलतात, पण त्यातल्या फार थोड्यांनी स्वतःची युनिटं मोजलेली असतात. मी वर्षभराची रीडिंगं काढून बसले. विजेची ३,१०० युनिटं. त्या तिमाहीच्या कॅपचा देशभराचा सरासरी दर विजेला २६.३५ पेन्स आणि गॅसला ६.२९ पेन्स. स्थिर आकार दिवसाला ५३.६८ आणि ३४.०३ पेन्स. आमच्या वापराला हे वर्षाचे १,९८० पौंड होतात. हातात आलेल्या फिक्समध्ये वीज २४.९, गॅस ५.९, स्थिर आकार ५५ आणि ३३. त्याचे १,८८४. फरक ९६ पौंड.

पण हा फरक आजची कॅप वर्षभर तशीच राहिली तर. वर्षभराच्या सरासरीत ती पाचेक टक्क्यांनी खाली आली, तर दोन्ही सारखेच पडतील. त्याहून खाली गेली, तर आम्ही जास्त भरू, आणि मध्येच फिक्स सोडायचा तर वीज आणि गॅस दोन्हींचे मिळून १०० पौंड दंड. इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. आमच्या १३,४०० पैकी साडेनऊ हजार युनिटं नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांतच जातात. म्हणजे कॅप उन्हाळ्यात कितीही उतरली तरी आम्हाला तिचा उपयोग नाममात्र. आमचं बिल ठरवते ती जानेवारीची कॅप. फिक्सची तुलना करताना लोक वर्षाच्या बेरजेकडे बघतात, माझ्या मते नजर हिवाळ्यावर हवी.

माझी मैत्रीण एकटी राहते, छोटा फ्लॅट, गॅसची जोडणीच नाही, वीज वर्षाला १,४०० युनिट. तिच्या साधारण ५६५ पौंडांच्या बिलात १९६ पौंड नुसता स्थिर आकार आहे. तिला मी सांगितलं, युनिटचा दर एखाद्या पेन्सने इकडेतिकडे झाला तरी तुझे चौदा पौंड, तू स्थिर आकार कमी असलेली योजना बघ. आपल्याकडे शंभर युनिटांच्या आत राहिलं की दर कमी लागतो, काटकसरीला थोडं बक्षीस मिळतं. इथे तसे टप्पे नाहीत. कमी वापरणाऱ्यावर स्थिर आकाराचा भार जास्त पडतो, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मला तो सरळ अन्याय वाटतो.

फिक्स म्हणजे अगदी दगडावरची रेघ, असंही नाही. २०२१-२२ मध्ये इथे जवळजवळ तीस वीज-गॅस कंपन्या बंद पडल्या. त्यांच्या ग्राहकांचा पुरवठा चालू राहिला, दुसऱ्या कंपनीकडे वर्ग झाला, पण स्वस्तात बांधलेला दर गेला आणि ते कॅपवर आले.

तरी आम्ही फिक्स घेतला. ९६ पौंड हे एकमेव कारण नव्हतं. आई नोव्हेंबरअखेर येते आहे, मार्चपर्यंत राहील. तिचे गुडघे थंडीत आखडतात, आणि मी तिला ओळखते. जानेवारीत कॅप वाढल्याची बातमी टीव्हीवर ऐकली की ती आम्ही ऑफिसला गेल्यावर हीटिंग बंद करून शाल पांघरून बसेल. आता तिला सांगता येईल की दर ठरलेला आहे, वाढणार नाही. युनिटं जास्त जातील, ती मी धरली आहेत. दीड हजार युनिट गॅस जास्त म्हणजे फिक्सच्या दराने साडेअठ्ठ्याऐंशी पौंड. तेवढे बाजूला काढून ठेवले.

करार १ नोव्हेंबरला सुरू होतो. त्या दिवशी सकाळी दोन्ही मीटरचे फोटो काढून कंपनीला पाठवायचे आहेत, अंदाजे रीडिंगवर यंदा काही सोडायचं नाही. आणि कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची १२ सप्टेंबर ही तारीख खूण करून ठेवली आहे. करार संपायला ४९ दिवस उरले की दंड न भरता दुसरीकडे जाता येतं. तेव्हा पुन्हा वही काढायची.