आयत्या चॉकलेटवर घरचे बदाम

चॉकलेट-बदामाची बशी पुढे ठेवून ‘घरीच केलंय’ म्हटलं, की समोरच्याच्या भुवया वर जातात. त्या भुवयांचं सुख मी मुकाट्याने घेते. माझा वाटा किती, याचा हिशोब मांडायला कुणी बसलं तर मात्र पंचाईत आहे. कोकोची फळं झाडावरून उतरवायची, बिया गरासकट काही दिवस आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, टरफलं काढून दळायच्या, ही सगळी उस्तवार दुसऱ्यांनी कधीच उरकलेली असते. चॉकलेट ही मुळात प्यायची वस्तू. १८४७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोकोची भुकटी, साखर आणि वितळवलेलं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतला स्निग्धांश, एकत्र करून साच्यात ओतलं आणि ते चावून खायची सोय झाली. पुढे १८७९मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन् तास घोटायचं यंत्र काढलं, तेव्हा कुठे त्याची कचकच गेली. एवढं सगळं झाल्यावर मी येते. आयती वडी फोडते, वितळवते आणि पुन्हा घट्ट होऊ देते.

तेवढ्यातही गडबड करायला भरपूर वाव असतो, कारण हाताला लागलेल्या बहुतेक सवयी इथे उलट्या पडतात. एरवी काही घट्ट झालं की पाण्याचा हबका मारावा, होत नसेल तर गॅस मोठा करावा. चॉकलेटला या दोन्हींचं वावडं. ओल्या चमच्यावरून दोन-चार थेंब जरी पडले, तरी आत्तापर्यंत रेशमासारखी ओघळणारी धार थांबते, चकाकी जाते आणि भांड्यात भरड, रवाळ गोळा उरतो. चॉकलेटमधले साखरेचे बारीक कण स्निग्धांशात सुटेसुटे असतात. जरासं पाणी मिळालं की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे यावर उपायही पाण्याचाच. गरम पाणी किंवा गरम साय आणखी चमचा-दोन चमचे घालून घोटलं, की गोळा सैल होतो. वड्यांना तो चालत नाही, पण सॉस म्हणून झकास लागतो.

म्हणून पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून चॉकलेट वितळवताना खालच्या पातेल्यात बोटभरच पाणी घ्यायचं, ते खळखळू द्यायचं नाही, आणि वरच्या भांड्याचा बूड पाण्याला टेकू द्यायचा नाही. मायक्रोवेव्ह असेल तर वीस-तीस सेकंदांचे हप्ते, आणि दर हप्त्याला ढवळणं. चौकोनी तुकडे आकार धरून बसलेले दिसतात, पण चमचा लावला की आतून ढासळतात. डोळ्यांवर विसंबून राहिलं तर करपवूनच थांबाल.

आता तुकतुकीतपणाचा प्रश्न. कोको बटर गोठताना सहा वेगवेगळ्या रचनांचे स्फटिक धरू शकतं. त्यातला पाचवा आपल्याला हवा असतो. चकाकी त्याची, तुकडा मोडताना येणारा ‘टक्’ आवाज त्याचा, आणि जिभेवर विरघळणंही त्याचंच, कारण तो साधारण ३४ अंशांना वितळतो आणि आपलं अंग ३७ अंशांचं. बाकीचे माजले तर वडी मऊ पडते नि वर पांढुरकी झाक येते. लोक ती बुरशी समजून टाकून देतात; बहुतेक वेळा ते वर आलेलं कोको बटरच असतं, खुशाल खावं. हा पाचवा स्फटिक मिळवायची घरगुती युक्ती सोपी आहे. काळं चॉकलेट असेल तर पाऊण भाग ४५ अंशांपर्यंत वितळवायचा, आचेवरून उतरवायचा, राखून ठेवलेला पाव भाग बारीक चिरून त्यात घालायचा आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहायचं. न वितळलेल्या चॉकलेटमधले चांगले स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात. थर्मामीटर नसला तर थेंबभर खालच्या ओठाखाली लावून बघावा, किंचित गार वाटला पाहिजे. ही सगळी कटकट नको असेल तर कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेलं कंपाउंड चॉकलेट मिळतं, ते वितळवून ओतलं की झालं. सोय म्हणून ठीक आहे. पण ते टाळूला मेणासारखं चिकटून बसतं, आणि मला ते आवडत नाही.

माझं म्हणण्यासारखं काही या बशीत असेल तर ते बदाम. म्हणजे भाजणं. कच्चे बदाम चॉकलेटमध्ये बुडवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. नुसताच कुरकुरीतपणा, चव कुठे? मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत, हात न थांबवता भाजावेत. आधी काहीच होत नाही. मग साल तडतडू लागते आणि खमंग वास स्वयंपाकघराबाहेर जातो. वासावर जाऊ नये, एक बदाम मोडून बघावा. आतून फिकट सोनेरी दिसला की लगेच ताटात काढावेत, कारण गरम कढईत ते भाजतच राहतात. अक्रोड त्याहून लवकर होतात, आणि भाजल्यावर फडक्यात चोळले की सालीचा कडवटपणा बराच जातो. पिस्त्यांना फक्त धग दाखवावी, नाहीतर हिरवा रंग गेलाच. हेझलनटची चॉकलेटशी सोयरीक सगळ्यांत जुनी नसेल, पण जमलेली खरी. इटलीतल्या तुरीन शहराने या जोडीवर नाव कमावलं.

भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिसळायचं. कोमट दाण्यांनी वर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. दोनशे ग्रॅम चॉकलेटला दीडशे ग्रॅम दाणे घ्यावेत; चॉकलेट फक्त दाण्यांना धरून ठेवण्यापुरतं असावं, या मताची मी आहे. वरून जाडसर मिठाचे चार कण. साच्यांच्या नादी मी लागत नाही. बटर पेपरवर चमच्याने ओबडधोबड ढीग घालते. कुठे बदामाचं टोक बाहेर, कुठे अर्धा अक्रोड कलंडलेला. साच्यातून निघालेली गुळगुळीत हृदयं आणि शिंपले विकतची वाटतात; मग घरी करून मिळवलं काय?

ढीग फ्रिजमध्ये ठेवायची घाई नको. बाहेर काढल्यावर त्यांना दव सुटतं, साखर विरघळते, आणि ते वाळलं की वर खरखरीत पांढरा थर उरतो. गार, कोरड्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात ते छान राहतात. चॉकलेट टिकतं, दाणेच आधी खवट होतात, अक्रोड तर सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे अक्रोडाचे ढीग आधी संपवावेत, असा आमच्याकडे नियम आहे. तो मीच केला आहे, आणि मला अक्रोड सगळ्यांत जास्त आवडतात.