वॉटरगेट प्रकल्पात वस्तूंनाच बोलू द्या

वॉटरगेट म्हणजे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात झालेली घुसखोरी; तिच्यातूनच पुढे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. या विषयावरच्या शालेय प्रकल्पात निक्सन यांचा फोटो सगळेच चिकटवतात. त्यापेक्षा कुलूप लागू नये म्हणून चोरांनी दाराला लावलेली चिकटपट्टी दाखवा, कारण १७ जून १९७२ च्या पहाटे प्रकरण फुटलं ते तिच्यामुळेच. १५ × २० सेंमी जाड पुठ्ठ्याचं दार करा, कडेला कुलपाची जीभ बसवा आणि तिच्यावरून पट्टी आडवी चिकटवा. उभी लावाल तर अर्थच जातो: आडव्या पट्टीची टोकं दाराच्या दोन्ही बाजूंना दिसत होती, म्हणून तर ती पहारेकरी फ्रँक विल्स यांच्या नजरेस पडली. त्यांनी ती काढली, पुढच्या फेरीत पुन्हा लावलेली दिसली आणि पोलिसांना फोन गेला.

ध्वनिफितीसाठी कॅसेट ठेवू नका. व्हाइट हाउसमधल्या निक्सन यांच्या संभाषणांचं रेकॉर्डिंग रिळांवर होत असे. दोन जुन्या सीडी रिळं म्हणून चालतात, मधली फीत जुन्या व्हिडिओ कॅसेटमधून काढा. २० जून १९७२ च्या संभाषणातली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली. एका मिनिटाला एक सेंमी धरून १८.५ सेंमी पांढरी सॅटिन रिबीन मध्ये जोडा. इथे फेविकॉल लावू नका, फीत गुळगुळीत असल्याने सुकल्यावर सुटते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा.

चोरांकडे सापडलेल्या शंभर डॉलरच्या नोटा हातानेच काढा, क्रमांक मात्र ओळीने घाला. त्या क्रमांकांवरूनच पैशाचा माग निक्सन यांच्या निवडणूक निधीपर्यंत गेला. प्रत्येक वस्तूखाली तारीख आणि ‘यावरून काय उघड झालं’ एवढी एकच ओळ लिहा.